पगार पाहू की शिकणं पाहू? खान्देशातून सारखे येणारे प्रश्न

मी मूळचा चोपडा तालुक्यातला, डिप्लोमा मेकॅनिकल. २००८ ला पास झालो, जळगाव एमआयडीसीत लागलो, मग चाकण, मग नाशिकला अंबड, आणि आता परत जळगाव. म्हणजे पगारासाठी पण नोकरी सोडलीय आणि शिकायला भेटेल म्हणून पण सोडलीय, आणि दोन्ही बाजूंनी एकेकदा तोंडावर पडलोय. त्यामुळे गावातली, नात्यातली पोरं-पोरी फोन करतात, लग्नाच्या पंगतीत पण कोणी ना कोणी शेजारी येऊन बसतं आणि वरण वाढून होईपर्यंत पॅकेजचा विषय निघतोच. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. एकाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला नंबर दिलाय. जिथं 'समजा' म्हटलंय तिथं तुमचे स्वतःचे आकडे टाका, माझे धरून बसू नका.

१. भाऊ, पहिल्या नोकरीत पगार बघायचा का शिकायला काय भेटतं ते?

पोरगा कामाला लागला की ओट्यावरची आजी पहिलं विचारते, "पगार कितला शे?" तिचं बरोबरच आहे, तिनं घर चालवलंय. "तू तठे काय शिकस?" असं मात्र मला आजपर्यंत कोणी विचारलं नाही. माझा हिशोब सोपा आहे: फरक दोन-तीन हजाराचा असेल तर जिथं शिकायला भेटतं तिथं जा, पगार दुप्पट असेल तर पगार घ्या, आणि मधल्या भानगडीसाठी हे बाकीचं पान आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, शिकणं हा पगाराचाच भाग आहे. कंपनी म्हणत असेल की पैसे कमी देतो पण शिकवतो, तर ते शिकवणं पण पगारासारखं वेळेवर आलं पाहिजे. सहा महिने नाही आलं तर तुमचा सहा महिन्यांचा पगार थकलाय असंच समजायचं.

२. 'खूप शिकायला मिळेल' असं सगळेच म्हणतात, खरं कसं ओळखायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि माझी स्वतःची फसवणूक इथंच झाली. पहिल्या नोकरीत साहेब म्हणाले तुला ऑलराउंडर करतो. केलं पण. सकाळी स्टोअर, दुपारी डिस्पॅच, संध्याकाळी क्वालिटीच्या रजिस्टरवर सह्या, मधे ट्रकवाल्याशी भांडण, आणि मालकांच्या पाहुण्यांना भुसावळ स्टेशनवरून आणायचं कामही माझंच. दीड वर्षात मला वाटलं आपल्याला सगळं येतं. मग चाकणला इंटरव्ह्यूला गेलो, समोरच्यानं ड्रॉइंग पुढं सरकवलं आणि विचारलं की या टॉलरन्सचा (मापात किती फरक चालतो त्याचा) अर्थ सांग, कंट्रोल प्लॅन (कुठल्या टप्प्याला काय तपासायचं तो कागद) कधी बनवलाय का, पीपीएपीची फाइल (नवीन पार्ट गिऱ्हाइकाकडून मंजूर करून घ्यायची कागदपत्रं) कधी पाहिलीय का. मी आपला गप्प. दीड वर्षात मी खूप राबलो होतो, पण गेटच्या बाहेर विकता येईल असं त्यातलं काहीच नव्हतं.

तेव्हापासून माझी कसोटी एकच, जे शिकणार ते या गेटच्या बाहेर चालतं का? सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) प्रोग्रामिंग चालतं, पीएलसी (मशीन आपोआप चालवणारा कंट्रोलर) चालतं, सॅप (मोठ्या कंपन्यांचं हिशोब-स्टॉकचं सॉफ्टवेअर) चालतं, अकाउंट्सवाल्याला टॅली आणि जीएसटीचे रिटर्न स्वतः भरता येणं कुठंही चालतं. मालकाच्या भाच्यानं बनवलेलं सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही आणि मालकाचा मूड ओळखायची कला तर अजिबातच नाही.

आणि इंटरव्ह्यूत हे नक्की विचारा: या जागेवर माझ्या आधी कोण होता आणि तो आता कुठं आहे? तो वरच्या पोस्टवर गेला असेल किंवा चांगल्या ठिकाणी गेला असेल तर ती जागा शिकवणारी आहे. सात वर्षापासून तोच माणूस तिथंच असेल, किंवा वर्षात तीन जण पळून गेले असतील, तर समजून घ्या. ऑफिसात नाही सांगितलं तर गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर सांगतात, तिथली माहिती एचआरपेक्षा पक्की असते.

३. जळगावला २२ हजार आणि पुण्याला ३० हजार, कुठं जाऊ?

आठ हजाराचा फरक दिसतो तेवढा नसतो. समजा भोसरीला किंवा चाकणला कॉट बेसिसवर ४,५००, मेस ४,०००, येणं-जाणं आणि मोबाइल २,०००, सणावाराला आणि आजारपणाला घरी यायचं महिन्याला सरासरी १,५००, वरखर्च १,०००. झाले १३ हजार, उरले १७. इकडे गावाहून अपडाउन करणाऱ्याला पेट्रोल २,५००, चहापाणी १,५००, म्हणजे १८ उरले. जळगाववाला हजाराने पुढं! (दिवाळीत महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात पुण्याहून जळगावपर्यंत उभ्यानं यायचे पैसे कोणी देत नाही ते वेगळंच.)

पण घरी राहणाऱ्याचे उरलेले १८ कधी उरतच नाहीत, कारण घरात असला की फवारणीचे त्याच्याकडून, बहिणीची फी त्याच्याकडून, मोटर जळाली तरी त्याच्याकडून. पुण्यावाला महिन्याला ठरलेले दहा पाठवतो आणि सुटतो. हे चूक का बरोबर ते तुमच्या घरचं तुम्ही बघा, मी फक्त हिशोब सांगतोय.

तर मुद्दा हा, की पैशात बरोबरी झाली की मग निवड शिकण्यावरच करायची, आणि इथं पुणेच जिंकतं असं नाही. जळगावात पाइप, ड्रिप, चटई, डाळमिल असे धंदे आहेत, पॉलिमरचं काम शिकायचं असेल, एक्स्ट्रूजन, मोल्डिंग, तर जळगाव चांगलं आहे. गाड्यांच्या पार्टचं शिकायचं असेल तर चाकणला पर्याय नाही. शहर बघून ठरवू नका, काम बघून ठरवा.

४. आज कमी पगार घेतला तर पुढे कधी वसूल होतं? की सगळं बोलाचंच?

होतं, पण लोक सांगतात त्याच्यापेक्षा उशिरा. समजा एक नोकरी ३० हजाराची, दरवर्षी ६ टक्के वाढ. दुसरी २२ हजाराची, पण शिकत गेलात म्हणून वाढ १८ टक्के. चौथ्या वर्षी दुसरीचा पगार ३६ हजारावर जातो, पहिली ३५,७०० च्या आसपास, म्हणजे पगार गाठला. सगळे इथंच टाळ्या वाजवतात. पण पहिल्या तीन वर्षात जे कमी घेतले त्याचं काय? एकूण कमाई जोडली तर सहाव्या वर्षाच्या शेवटी सुद्धा दुसरीवाला अठरा-एकोणीस हजारानं मागंच असतो, पुढं जातो तो सातव्या वर्षात. आणि त्यानंतर मग अंतर वाढतच जातं.

म्हणून दोन गोष्टी बघा. एक, सहा-सात वर्ष तुमचं घर थांबू शकतं का (कर्ज असेल तर प्रश्न ७). दोन, ती १८ टक्के वाढ खरंच भेटतेय का, कारण वाढ १० टक्केच भेटली तर हे गणित विसरा, आठव्या वर्षापर्यंत नुसता पगारच गाठला जात नाही, एकूण कमाईचं तर नावच नको. एवढी वाढ बहुतेक वेळा एकाच कंपनीत भेटत नाही, शिकलेलं घेऊन एकदा-दोनदा जागा बदलावी लागते. ज्याला जागा बदलायचीच नाही त्यानं सुरुवातीला कमी पगार घेऊ नये, सरळ सांगतो.

५. ऑफर लेटरवर ३ लाख लिहिलंय, हातात २१ हजारच कसे?

कारण ३ लाख हा कंपनीचा खर्च आहे, तुमचा पगार नाही. समजा महिन्याचे २५,००० धरलेत आणि बेसिक १२,५००. कंपनीचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,५०० त्यातच धरलेला, ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना भेटणारी रक्कम, प्रश्न ९ बघा) ४.८१ टक्के म्हणजे ६०१ पण धरलेले, राहिले २२,८९९. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला की २१,१९९. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, तेव्हा १०० रुपये कुठं गेले म्हणून फोन करू नका. महिलांना महाराष्ट्रात महिना २५ हजारापर्यंत हा कर नाही, एखाद्या पोरीचा कापत असतील तर तिनं विचारावं.

एकूण पगार २१ हजाराच्या आत असेल तर ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) पण लागतं, तुमचे ०.७५ टक्के. पोरं याला कटिंग म्हणून शिव्या देतात, पण घरात कोणाचं ऑपरेशन निघालं की मग त्याची किंमत कळते. आणि पगाराचा मोठा भाग 'व्हेरिएबल' किंवा 'परफॉर्मन्स बोनस' असेल तर मागच्या वर्षी तो किती जणांना पूर्ण भेटला हे विचारा. दोन ऑफरची तुलना नेहमी हातात येणाऱ्या पैशावर करा.

६. ॲप्रेंटिस करू का कॉन्ट्रॅक्टवर जास्त पैसे भेटतात तिकडे जाऊ?

आयटीआयवाल्यांचा हा दर जून-जुलैचा प्रश्न. कॉन्ट्रॅक्टवाला जास्त देतो हे खरं, ॲप्रेंटिसला स्टायपेंड असतो, पीएफ नसतो. पण ॲप्रेंटिसशिप कायद्याखालची असेल तर शेवटी सरकारी सर्टिफिकेट भेटतं आणि रेल्वेच्या लेव्हल-१ (सगळ्यात खालच्या पायरीच्या) भरतीत कोर्स पूर्ण केलेल्या ॲप्रेंटिसला २० टक्के जागा राखीव असतात. भुसावळच्या घराघरात हे माहीत आहे, बाकी तालुक्यात नाही. भुसावळचं रेल्वेचं काम, वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरचं वीज केंद्र, अशा ठिकाणी संधी निघाली तर एक वर्ष कमी पैशावर काढायला माझी हरकत नाही. मात्र ॲप्रेंटिस झाली म्हणजे नोकरी पक्की असं नाही. आणि खासगी कारखान्यात 'ट्रेनी' नावानं तीन-तीन वर्ष लाइनवर उभं करतात ते ॲप्रेंटिस नव्हे, ते स्वस्तातलं मजूर.

७. घरावर कर्ज आहे, वडील म्हणतात जास्त पगार घे. मी शिकण्याचा विचार पण करू नको का?

कर्ज कोणाचं आहे त्यावर. सावकाराचं असेल, शेकड्याला महिना तीन-चार रुपयाचं, तर आधी पैसा, दुसरं काही नाही, कारण वर्षाला ३६ ते ४८ टक्क्यानं वाढणाऱ्या कर्जापुढं कुठलंच शिकणं पुरं पडत नाही. सोनं गहाण असेल तर मुदत बघा, जळगावच्या माणसाला हे मी काय सांगणार. बँकेचं एज्युकेशन लोन असेल तर हप्ता भरून महिन्याला थोडं उरतंय एवढं बघा, मग शिकायची नोकरी चालते.

माझा एक मित्र अमळनेरकडचा, नाव नको, त्यानं बारा महिने फक्त पैशाची नोकरी केली, रात्रपाळी, पॅकिंग, डोक्याला काही काम नाही. सावकार मिटवला आणि तेराव्या महिन्यात सहा हजार कमी घेऊन टूल रूममध्ये (जिथं डाय-साचे बनवतात) गेला. वडिलांना त्यानं सुरुवातीलाच तारीख सांगितली होती, म्हणून भांडण झालं नाही. पैशासाठी कंटाळवाणं काम करणं चूक नाही, तारीख न ठरवता करणं चूक आहे.

८. कंपनी २ वर्षाचा बाँड मागते, ट्रेनिंग देणार म्हणे. सही करू?

ट्रेनिंग खरं असेल, म्हणजे कोणी बाहेरचा येऊन शिकवणार किंवा तुम्हाला कुठं पाठवणार आणि त्याला पैसे लागणार, तर दोन वर्ष वाईट नाहीत. 'बाँडला काही अर्थ नसतो, कोर्टात टिकत नाही' असं सांगणाऱ्या दोस्तांवर विसंबू नका, २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं तीन वर्षाआधी सोडलं तर २ लाख भरायची अट वैध धरली आहे. मात्र नोकरी सोडल्यावर अमुक वर्ष दुसऱ्या कंपनीत लागायचंच नाही ही अट करार कायद्याच्या कलम २७ पुढं टिकत नाही. ओरिजिनल मार्कशीट कोणी जमा करायला सांगितली तर मात्र सरळ उठून या. सहीआधी रक्कम बघा, आणि दिवस जातील तशी ती कमी होत जाते का ते बघा.

९. ५ वर्ष व्हायला ४ महिने राहिले आणि नवीन ऑफर आलीय. थांबू का निघू?

हिशोब मांडा. पाच वर्ष पुरी झाली की ग्रॅच्युइटी भेटते, ती म्हणजे शेवटचं बेसिक आणि डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्ष. बेसिक २० हजार असेल तर पाच वर्षाचे ५७,६९२. नवीन नोकरीत ८ हजार जास्त भेटणार असतील तर चार महिन्यात ३२ हजार. म्हणजे थांबलात तर पंचवीसेक हजार फायदा. पण तोपर्यंत ती ऑफर राहील का? आधी त्यांनाच जॉइनिंग पुढं ढकलायला सांगा, नोटीस पीरियड दोन-तीन महिन्याचा असेल तर निम्मं काम तिथंच होतं. आणि नवीन ठिकाणचं काम प्रश्न २ च्या कसोटीवर उतरत असेल तर पंचवीस हजारासाठी ते घालवू नका.

अपवाद एक: ठराविक मुदतीच्या करारावर असाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या लेबर कोडप्रमाणे (नव्या कामगार कायद्याप्रमाणे) एका वर्षानंतर पण त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी भेटते, पाच वर्षाची अट कायमवाल्यांना. पीएफ काढू नका, यूएएनवरून (पीएफचा कायमचा नंबर) ट्रान्सफर करा. पाच वर्षाच्या आत काढला तर टॅक्स लागू शकतो, आणि पेन्शनला १० वर्ष लागतात ती पण तुटतात. नोकरी बदलली की पीएफ काढून मोटरसायकल घ्यायची ही आपल्याकडची जुनी सवय आहे, मी पण घेतलीय.

१०. मशिनवर ओव्हरटाइम धरून ३२ हजार पडतात, सुपरवायझर केलं तर २८. प्रमोशन घेऊ का?

हसू नका, हा अगदी खरा प्रश्न आहे. कामगाराला ओव्हरटाइम दुप्पट दरानं, म्हणजे २४ हजारवाल्याचा तास साधारण ११५ चा असेल तर ओव्हरटाइमचा २३० ला पडतो, महिन्यात ३५ तास केले की आठ हजार वर. सुपरवायझर झाला की ओव्हरटाइम बंद, वर पांढरा शर्ट आणि रात्री अकराला फोन. पोरं म्हणतात याला प्रमोशन म्हणायचं का शिक्षा?

पण ओव्हरटाइम शरीरावर आहे. पस्तीशीनंतर गुडघे आणि डोळे हिशोब मागतात, आणि मंदी आली की सगळ्यात आधी ओव्हरटाइमच बंद होतो. मी म्हणेन घ्या, पण चार हजाराची खोट एका वर्षात भरून काढू असं लेखी घ्या, आणि प्रमोशनसोबत प्लॅनिंग, कॉस्टिंग, माणसं सांभाळणं यातलं काही हातात येतंय का बघा. नुसतं रजिस्टर आणि शिव्या असतील तर मशीन बरी. उत्तम टर्नर, उत्तम डायमेकर म्हणून राहणं यात कमीपणा काहीच नाही, चांगल्या डायमेकरला मालक स्वतः गाडी पाठवतात.

११. दादा, मी एमपीएससी करतोय, चौथं वर्ष. आता कंपनीत लागू का अजून एक अटेम्प्ट?

माझ्याकडे येणाऱ्यात सगळ्यात जड प्रश्न हाच, आणि तो बहुतेक वेळा रात्री दहानंतर येतो. वयाची मर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३, त्यामुळे वेळ आहे असं वाटत राहतं. आणि तीच मर्यादा खाते. २८ व्या वर्षी कंपनीत फ्रेशर म्हणून घेतात, ३४ व्या वर्षी कोणी घेत नाही, हा फरक अभ्यासिकेत बसून दिसत नाही.

अभ्यास वाया जातो असं मी म्हणत नाही. पण चार वर्षाचा अभ्यास कोणत्या नोकरीत कामाला येतो हे आधी बघितलेलं बरं, बँक, लेखा, सहकारी संस्था, कोचिंगला शिकवणं. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, म्हणजे जुन्या पद्धतीनं तयारी केलेल्यांना परत पहिल्यापासून लिहायची सवय करावी लागतेय, हे पण धरा. माझं मत: पूर्व परीक्षा एकदाही निघाली नसेल तर नोकरी धरा आणि सोबत अभ्यास करा. मुख्यपर्यंत गेला असाल, थोडक्यात हुकलं असेल, तर घरच्यांना विचारून एक अटेम्प्ट अजून, पण शेवटचा कोणता ते कागदावर लिहून आईकडे द्या.

१२. शाळेत लागायचं तर संस्थेला पैसे द्यावे लागतात, पण नंतर पगार चांगला. देऊ का?

नाही. हा पैसा आणि प्रगतीचा प्रश्नच नाही, ही लाच आहे, आणि पावती नसलेले पैसे बुडाले तर तक्रार करायला तोंड राहत नाही. जमिनी विकून भरलेली घरं मी बघितलीत. शिक्षण सेवकाचं (नव्यानं लागलेल्या शिक्षकाचं) मानधन २०२३ मध्ये वाढून प्राथमिकला १६, माध्यमिकला १८, उच्च माध्यमिकला २० हजार झालं, तीन वर्ष तेच. तेवढ्यासाठी लाखांचं कर्ज काढणाऱ्याला प्रश्न ७ वाचायला द्या.

१३. स्टार्टअपवाले पगार कमी आणि शेअर देतो म्हणतात. अमळनेरच्या लोकांचं नाही का झालं?

हे उदाहरण खान्देशात कोणीही देतं. १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तेलाची कंपनी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, तीच पुढं विप्रो झाली, आणि गावातल्या ज्यांनी शेअर घेऊन ठेवले, विकले नाहीत, त्यांची पुढं चांदी झाली. खरं आहे. पण ते लोक पगार सोडून शेअर घेत नव्हते, त्यांचा धंदा-शेती चालू होती, आणि ते शेअर बाजारात विकता येत होते. तुम्हाला देतात तो बहुतेक वेळा शेअर पण नसतो, पुढं शेअर घ्यायचा हक्क असतो. तो हातात यायला कमीत कमी एक वर्ष जातं, मग स्वतःचे पैसे भरून घ्यायचा, घेताना त्याच्यावर टॅक्स, आणि कंपनी लिस्टेड नसेल तर विकायचा कोणाला? अमळनेरात असे पण असतील ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकात लग्नाला विकून टाकले, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. शेअरची किंमत शून्य धरा, आणि मग पण काम आवडत असेल तर जा.

१४. घरी केळी आहे, आठ एकर. पुण्याची नोकरी सोडून येऊ का?

रावेर-यावलकडून हा प्रश्न येतो आणि भाव चढले की जास्त येतो! भाव पडले की मला कोणी फोन करत नाही. लावणीपासून कटाईपर्यंत साधारण वर्ष जातं आणि मे-जूनच्या एका वादळात बाग आडवी होते, शिवाय सीएमव्ही (केळीवरचा व्हायरस) आला तर झाडं उपटून फेकावी लागतात. म्हणून एका वर्षाची कमाई पगाराशी तोलू नका, पाच वर्षाची जोडून बघा, वडिलांना जुन्या वह्या काढायला लावा.

शिकण्याच्या बाजूनं म्हणाल तर शेतीत शिकायला कमी नाही. टिश्यू कल्चरची रोपं, घडाची निगा, एक्स्पोर्टचं पॅकिंग, जळगाव केळीला २०१६ पासून जीआय (त्या भागाच्या मालाची कायदेशीर ओळख) आहे त्याचा उपयोग करून घेणं. पण तुम्ही येऊन फक्त वडिलांच्याच पद्धतीनं बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे बघत बसणार असाल तर मग शेतात आणखी एका माणसाची गरज नाही. आधी नोकरी चालू ठेवून एक एकर तुमच्या पद्धतीनं करून बघा.

१५. मला पुण्यात प्रमोशन येतंय, पण लग्न ठरतंय आणि मुलगा जळगावचा. सोडून देऊ का?

मुलाला कोणी विचारत नाही की तू पुण्याला बदली करून घेशील का, हे आधी लिहून टाकतो. प्रमोशन घ्या. नव्या हुद्द्याचं लेटर हातात असेल तर जळगाव-नाशिकमध्ये दुसरीकडे जाताना पण त्याच हुद्द्यावर जाता, नाही घेतलं तर जुन्याच. घरून काम किंवा आठवड्यातून तीन दिवस असं काही होतं का तेही प्रमोशनच्या वेळीच विचारा, तेव्हा कंपनीला तुमची गरज असते. सासरी पगाराचा आकडा सांगतात पण कामाचं स्वरूप सांगत नाहीत, पाळ्या, प्रवास, हे साखरपुड्याआधी मोकळं बोललेलं बरं.

एक गोष्ट कोणी सांगत नाही: पगारी प्रसूती रजेसाठी त्याच कंपनीत आधीच्या १२ महिन्यात ८० दिवस काम झालेलं लागतं. पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे भेटतात. त्यामुळे बाळाचा विचार असेल त्याच वर्षी नोकरी बदलत असाल तर हे दिवस मोजून बदला.

१६. राजीनामा दिला तर साहेब म्हणतात तेवढाच पगार आम्ही देतो. थांबू?

पैशासाठीच निघाला असाल तर थांबा, लेखी घेऊन. शिकणं संपलं म्हणून निघाला असाल तर वाढीव पगारात पण काम तेच राहणार, निघा. आणि कालपर्यंत नव्हते ते पैसे आज कुठून आले हे विचारायचा मोह आवरा, मला आवरला नव्हता.

१७. माझं वय ४२, पगार बरा आहे, पण पाच वर्षात नवीन काही शिकलो नाही. आता काय?

या वयात पगार सोडून शिकायला जाऊ नका, पोरांच्या फिया चालू असतात, मी पण त्याच वयात आहे. मी परत जळगावला आलो तेव्हा पगार पाव भागानं कमी झाला, आईच्या तब्येतीसाठी आलो, शिकायला वगैरे नाही, तसं दाखवणार पण नाही. पण तिथल्याच कंपनीत नवीन मशीन येत होती आणि तिचं काम कोणाला नको होतं, ते मी मागून घेतलं. पगारात काही वाढलं नाही. दोन वर्षांनी तिच्यामुळेच दोन ठिकाणहून बोलावणं आलं. चालू पगारात राहून कोणाला नको असलेलं नवीन काम मागणं, या वयात मला तरी हाच रस्ता दिसतो. तेविशीतल्या पोराच्या हाताखाली शिकावं लागलं, तो मला काका म्हणायचा, सुरुवातीला लागलं थोडं.

१८. ऑफर लेटर पाठवलं तर बघून सांगाल का?

सांगतो, पण कंपनीचं नाव आणि तुमचा नंबर झाकून पाठवा. सोबत तीन गोष्टी लिहा: घरावर कर्ज किती आणि कोणाचं, आत्ता रोज नेमकं काय काम करता, आणि नवीन ठिकाणी तुमच्या आधी त्या जागेवर कोण होतं. तिसरं माहीत नसेल तर आधी टपरीवर चहा पिऊन या. शनिवारी पाठवू नका, आमच्याकडे वीज नसते.